भर समुद्रात वाळीत

तुम्ही खोटं बोललात.

परवा देवीच्या मांडवात, गळ्यात हार आणि हातात माइक घेऊन तुम्ही सांगितलंत की आपल्या गावात आजवर कोणाला वाळीत टाकलेलं नाही, हे बाहेरच्यांनी उठवलेलं बालंट आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांतले निम्मे माझ्या बापाच्या मयताच्या दिवशी दारं लावून बसले होते. तो व्हिडिओ मला कोणीतरी पाठवला. मी चपात्या लाटत होते. लाटणं तसंच टाकलं आणि लिहायला बसले.

तुमचं नाव मी लिहिणार नाही. गावकीचे अध्यक्ष म्हणा, पुढारी म्हणा, माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा म्हणा, माणूस तोच. गावात घडलेलं तुम्ही नाकारालच, कारण गावात तुमच्याविरुद्ध बोलायला कोणी उभं राहत नाही. म्हणून मी दहा वर्षांपूर्वीच्या सहलीतल्या बोटीवरचं सांगते. तिथे तुमचं गाव नव्हतं, तुमची बैठक नव्हती, देवीचा अंगारा नव्हता. होतं ते नुसतं पाणी. तरीही तुम्ही ते केलंत.

सिंगापूरच्या धक्क्यावर बोट उभी होती आणि आपण सगळे नारिंगी लाइफ जॅकेटं घालून डेकवर रांगेत उभे होतो. बोट सुटायच्या आधी कवायत घेतात. बोट बुडायला लागली तर कोणी कुठे उभं राहायचं, कोणत्या होडीत बसायचं, ते दाखवतात. आई, मी आणि माझी सात वर्षांची रेवा अशा आम्ही तिघी होतो. माझ्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही पुण्याच्या मंडळींबरोबर आलो होतो, तुम्ही मुंबईच्या विमानाने, त्यामुळे तोवर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

आमचा टूर मॅनेजर निनाद, पोरसवदा, सदा खूश असलेला पुणेकर, तुम्हा दोघांना हाताला धरून आईपुढे घेऊन आला.

"चांगुणाकाकू, सरप्राइज! तुमच्याच गावची मंडळी! पासपोर्टवर गावाचं नाव वाचलं आणि म्हटलं, अरे वा, जमलं की! केबिनी शेजारी दिल्यात, जेवायचं टेबल एक आणि लाइफबोटसुद्धा एकच. आता पाच दिवस नुसत्या गप्पा!"

मावशी तुमच्या मागे उभी होती. तिला पाहून डोक्यावर पदर घ्यायला आईचा हात गेला, पण पदर त्या फुगलेल्या जॅकेटाखाली अडकला होता. ती नुसती ओढत राहिली. मावशीने मान फिरवून समोरच्या लाल पिंपाकडे बघायला सुरुवात केली. आग विझवायचं पिंप होतं ते. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तुम्ही निनादला म्हणालात, "होडी बदलून द्या."

"काका, हे नुसतं ड्रिल आहे हो. करावं लागतं म्हणून करायचं."

"बोट बुडाली तर?"

"नाही बुडत हो!"

"बुडाली तर म्हणतोय मी. यांच्याबरोबर एका होडीत आमचं चालत नाही."

निनाद बिचारा माझ्याकडे बघायला लागला. "चालत नाही म्हणजे? व्हेज-नॉनव्हेजचा प्रॉब्लेम आहे का?"

"हो," मी म्हटलं. "आम्ही माणसं खातो."

तो हसला. तुम्ही नाही हसलात. भोंगा वाजला तरी तुम्ही त्या खलाशाला हातवारे करून सांगत होतात की आम्हाला पलीकडच्या होडीत टाका. त्याला एक शब्द कळत नव्हता. तुम्ही बुडायला तयार होतात, पण माझ्या आईच्या शेजारी बसून जगायला तयार नव्हतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या बापाची एक छोटी होडी होती. एकदा भर वाऱ्यात गावातल्याच रघुवीरची होडी बंद पडून खडकांकडे चालली होती. रघुवीरला गावकीने आधीच वाळीत टाकलेलं होतं. माझ्या बापाने त्याला दोर फेकला आणि ओढत बंदरात आणला. त्याच संध्याकाळी बैठक बसली. तुम्ही म्हणालात, देवळात नाक घासून माफी माग. माझा बाप म्हणाला, पाण्यातल्या माणसाला जात नसते आणि गावकी नसते, मी माफी मागणार नाही. झालं. दुकानदार मीठ देईना, आमची मासळी कोणी घेईना, वाटेतली माणसं रस्ता बदलायला लागली. आमच्याशी बोलेल तोही वाळीत. तुम्ही स्वतःच्या बायकोला देवीपुढे उभी करून, पोटच्या लेकाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातलीत की बहिणीशी एक शब्द बोलणार नाही. बाप खंगून गेला. त्याला खांदा द्यायला मी पनवेलहून माणसं नेली होती.

आणि आजी, या दोन बहिणींची आई, तुमच्या घरी होती. तिला मुलगा नव्हता, म्हणून थोरल्या लेकीकडे राहायची. ती आजारी पडली, तिथेच गेली, आणि माझ्या आईला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

केबिनमध्ये आल्यावर मी जॅकेट काढून पलंगावर आपटलं. "मी आत्ता खाली जाते आणि केबिन बदलून घेते. टेबल पण बदलते. माझ्या कष्टाची सुट्टी आहे ही, मला असलं तोंड बघत जेवायचं नाही."

आई खिडकीशी बसली होती. खिडकी कसली, गोल भोकच ते. बाहेर पाणी सरकायला लागलं होतं.

"नको गो," ती म्हणाली.

"नको काय? तुझा अपमान केला त्याने चारचौघांत."

"तो काय नवा हाय? बस इथं." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "गावात आक्का मला बघून घरात शिरते. बाजारात दिसली की रिक्षात बसून जाते. इथं कुठं जाईल? चारी बाजूनी पाणी हाय."

"जाऊन करशील काय? ती बोलणार आहे का तुझ्याशी?"

"मला गप्पा न्हाय मारायच्या तिच्याशी. मला एकच विचारायचंय. आईनं जाताना माझं नाव घेतलं का? एवढंच. हो की न्हाय. घेतलं नसेल तर तसं सांगावं. मग मी परत तोंड दाखवणार न्हाय तिला."

"आणि घेतलं असेल तर?"

बोटवाल्यांनी टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला होता, तो आईने उचलून मांडीवर घेतला.

संध्याकाळी जेवायला गेलो. काचेची झुंबरं, पांढरी टेबलक्लॉथं, वाढपी टाय लावून. बोटीवरची टेबलं जमिनीला पक्की बसवलेली असतात, लाटेने सरकू नयेत म्हणून. तुम्ही आमचं टेबल दोन्ही हातांनी ओढून बघितलंत. हललं नाही. दुसरं रिकामं टेबल नव्हतं. मग तुम्ही मीठदाणी घेतलीत, मिरीची बाटली घेतलीत, सॉसची, व्हिनेगरची, जे हाताला लागलं ते सगळं टेबलाच्या मधोमध ओळीने लावलंत. बाटल्या पुरल्या नाहीत तेव्हा नॅपकिन घड्या घालून ठेवलेत. वाढप्याला वाटलं ही काहीतरी पूजा आहे. तो हात मागे बांधून आदराने उभा राहिला.

"आता पंगत वेगळी झाली," तुम्ही मावशीला सांगितलंत. "जेव."

रेवाला हे सगळं भारी वाटलं. तिला गाव माहीत नाही, तिचा जन्म पनवेलचा. तिने बाटल्यांवरून मान वर काढून मावशीला विचारलं, "आजी, हा कुठला गेम आहे?"

मावशीचा घास हातात राहिला. तिच्या ओठांची हालचाल झाली, तेवढ्यात तुम्ही खाकरलात. तिने घास तोंडात घातला.

"आजीला बोलता येत नाही का?" रेवाने आईला विचारलं.

"येतं बाय," आई म्हणाली. "लहानपणी लई बोलायची. मला झोपू द्यायची न्हाय."

हे मावशीने ऐकलं. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण पिईपर्यंत खाली ठेवला नाही.

शेवटी आइस्क्रीम आलं. वाढप्याने चुकून पाचही वाट्या आमच्या बाजूला ठेवल्या. रेवाने दोन वाट्या बाटल्यांच्या फटीतून तुमच्याकडे ढकलल्या. तुम्ही मान वळवून सगळा हॉल बघून घेतलात. गावचं कोणी दिसलं नाही. मग चमचा उचललात. आंब्याचं होतं. तुम्ही वाटी खरवडलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र उसळला. एवढी दहा मजली बोट, पण पाळण्यासारखी हलायला लागली. आणि तुम्ही, बंदरावरच्या गावचे पुढारी, ज्यांच्या घरावर नांगराचं चित्र रंगवलंय, तुम्ही आडवे झालात. आई सत्तरीला टेकलेली, पण ताठ चालत नाश्त्याला गेली. माझ्या बापाबरोबर तिने होडीत दिवस काढलेले होते. तुम्ही कधी होडीत पाय घातला नव्हता. तुमचं सगळं आयुष्य धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या होड्यांचे निर्णय देण्यात गेलं.

मावशी एकटीच वर आली. तुमच्यासाठी कोरा टोस्ट घ्यायला. आई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. रांगेत, ताट हातात घेऊन, अगदी पाठीशी.

"आक्का."

मावशीने टोस्ट उचलला.

"आक्का, मी भांडायला न्हाय आले. एकच सांग. आईनं माझं नाव घेतलं का? तोंडानं नको सांगू. मान हलव. शपथ बोलायची हाय, मान हलवायची न्हाय."

मावशीची मान हलली नाही. तिची पाठ मला दिसत होती, ब्लाउजच्या कडेला घाम आला होता. तिने ताट तिथेच ठेवलं आणि टोस्ट पदरात गुंडाळून भरभर निघाली.

माझा तोल गेला. मी एवढ्या लोकांत ओरडले, "मावशी, तो खाली ओकतोय! इथे कोण बघतंय तुला? हे पाव भाजणारे गावकीत येऊन चुगली करणारेत?"

ती थांबली. वळली नाही. मग गेली.

आई माझ्यावरच उखडली. "तुला कोणी सांगितलं ओरडायला? लेकाचं डोस्कं हाय तिच्या हाताखाली."

"आणि तू? तुझं काय आहे तिच्या हाताखाली?"

"तू गप बस," आई म्हणाली. तिने मावशीने टाकून दिलेलं ताट उचललं आणि त्यातलंच खाल्लं. एकही घास शिल्लक ठेवला नाही.

दुपारी आमच्या दारावर टकटक झाली. केबिनी साफ करणारा फिलिपिनो मुलगा होता. शेजारच्या म्हाताऱ्यांची तब्येत वाईट आहे, त्यांना माझं बोलणं कळत नाही, तुम्ही त्यांचे नातेवाईक ना, असं तो इंग्रजीत म्हणाला. निनाद स्वतःच आडवा पडला होता. मी म्हटलं, नातेवाईक नाही, शत्रू. तो म्हणाला, तरी या.

मी खाली काउंटरवर गेले, उलटीच्या गोळ्या आणल्या. त्यांनी बरोबर हिरवी सफरचंदं दिली, बोटीवर तो उपाय करतात. तुमचं दार उघडं होतं. तुम्ही पलंगावर, चेहरा राखेसारखा, छातीवर टॉवेल. मावशी पायाशी बसलेली. मी गोळ्या पुढे केल्या.

तुम्ही हात पुढे केला नाहीत. बोटाने उंबऱ्याजवळचा गालिचा दाखवलात.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी गोळ्या आणि सफरचंदं गालिच्यावर ठेवली. मावशीने वाकून उचलली. तुम्ही गोळी घेतलीत, पाणी प्यायलात.

"हे चालतं होय?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. छताकडे बघून म्हणालात, "जमिनीवर ठेवलेली वस्तू कोणाची नसते. नियमात आहे ते."

"वा. बैठकीत ठरलंय?"

"नियम आहे," तुम्ही छताला पुन्हा सांगितलंत आणि डोळे मिटलेत.

मावशी सफरचंद हातात धरून उभी होती. ती तुमच्याकडे बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला तेव्हा वाटलं, ही बाई लाजली. आता वाटतं, ती लाजली नव्हती. ती तुमचं वाक्य पाठ करत होती.

पुढच्या दिवशी समुद्र निवळला आणि बोट मलेशियातल्या लंकावी बेटाला लागली. हिरवे डोंगर सरळ पाण्यातून वर आलेले, वाळू रव्यासारखी. निनाद बरा झाला होता, पुन्हा टाळ्या वाजवायला लागला होता. "मंडळी, दोन तास फ्री! पाण्यात जा, फोटो काढा, कोणी हरवू नका!"

तुम्हीही बरे झाला होतात. अर्धी चड्डी, पांढरी टोपी, छत्रीखाली आरामखुर्ची, हातात शहाळं. किनारा तुमचा असल्यासारखे बसला होतात. तिथून सगळं दिसत होतं तुम्हाला, फक्त ऐकू येत नव्हतं. लाटांचा आवाज होता.

रेवा वाळूत खड्डा करत होती. आई तिच्या शेजारी, पाय पसरून. मी चपला सांभाळत उभी. मावशी आमच्या पुढून चालत पाण्यात गेली. साडी वर न धरता, गुडघ्यापर्यंत. आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मोठ्याने बोलायला लागली.

"आई गो."

माझी आई ताठ झाली.

"आई गो, मी तुझ्याशी बोलते. दुसऱ्या कोणाशी न्हाय बोलत. तुझी राख पाण्यात सोडली, पाणी सगळीकडं एकच. तुझ्याशी बोलायला मला कोणाची बंदी न्हाय."

मी एक पाऊल पुढे टाकलं. आईने माझा पाय पकडला. "हलू नको," ती दातांतून म्हणाली.

"तू दिवसभर एकच विचारायचीस. चांगू आली का गो, चांगू आली का. मी सांगायची, येतेय आई, वाटेत हाय. खोटं सांगायची. तुला पण कळायचं. तू मान फिरवून घ्यायचीस. मग परत. चांगू आली का."

आईने माझा पाय सोडला. ती उठली. पाण्यापर्यंत गेली आणि मावशीच्या मागे थोड्या अंतरावर थांबली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. नाव घेतलं होतं. मला वाटलं, संपलं. हे एवढंच होतं. पण मावशी थांबली नाही.

"आई गो, ती आलेली. तुला ठाऊक न्हाय. शेवटच्या दिवशी आलेली. मागच्या दारी, शेवग्याखाली उभी होती. मी मोरीच्या खिडकीतून बघितलं, हिरवं लुगडं. आत यायची हिंमत न्हाय, जायचं मन न्हाय, नुसती उभी. आणि तवाच तू हाका मारायला लागलीस. तुझ्या अंगात काय उरलं नव्हतं, आवाज कुठनं आणलास गो? चांगू गो, चांगू! मधी एकच भिंत होती. तिला ऐकू गेलं असतं तर ती आली असती आत. कोणाला अडवता आली नसती ती."

मावशीचा आवाज फाटला. तिने वाकून ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि पुन्हा उभी राहिली.

"तर हे म्हणाले, मिक्सर लाव. मी म्हटलं, कशाला, वाटायला काय न्हाय. म्हणाले, लाव म्हणतो ना. मी लावला. भांड्यात काय नव्हतं गो आई. रिकामं भांडं फिरवत होते मी."

मी मागे वळून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शहाळ्यातली मलई चमच्याने काढत होतात.

आई माझ्याकडे वळली. समुद्राकडे नाही, मावशीकडे नाही, माझ्याकडे. अगदी साध्या आवाजात, जसं बाजारातून आल्यावर काय भाव होता ते सांगतात तसं, तिने सांगितलं.

"मी ऐकला तो मिक्सर. मला वाटलं चटणी वाटतायत. म्हटलं, घरात चटणी वाटतायत म्हणजे आईला बरं वाटत असणार. मरायला टेकलेल्या माणसाच्या घरात कोण चटणी वाटतं? मला बरं वाटलं. मी घरी गेले. भात टाकला."

मावशीचे खांदे वर गेले आणि तिथेच राहिले. तिने हे ऐकलं होतं. इतकी वर्षं तिला हे माहीत नव्हतं.

आई मग समुद्राकडे वळली. तिने मावशीची युक्ती उचलली.

"आई गो," ती म्हणाली. "तुझ्या थोरलीला विचार. किती वेळ लावलेला?"

"तू गप होईपर्यंत," मावशी म्हणाली. "तू गप होईपर्यंत, आई."

दोघी उभ्या राहिल्या. जवळ गेल्या नाहीत, हात धरला नाही. लाट येत होती, दोघींच्या साड्या एकाच बाजूला ओढत होती, परत सोडत होती. माझ्या मनात आलं, आई आता तिला शिव्या घालील. किंवा मिठी मारील. तिने दोन्ही केलं नाही.

तुम्ही छत्रीखालून हाक मारलीत, "अगं, भिजू नको एवढी! बस सुटेल!"

मावशी बाहेर आली. तुमच्यापुढून जाताना तुम्ही विचारलंत, "कोणाशी बडबडत होतीस?"

"आईशी," ती म्हणाली.

"मेलेल्या माणसाशी काय बोलायचं एवढं," तुम्ही म्हणालात. मी तिथेच होते. मी ऐकलं.

त्या संध्याकाळचं जेवण तुम्हाला आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देते. तुम्ही नेहमीसारख्या बाटल्या लावल्यात. निनाद आमच्या टेबलापाशी येऊन विचारत होता, कसा वाटला आयलंड, मज्जा आली ना. आईने त्याला हाताने थांबवलं. मग तिने तुमच्या तोंडाकडे बघितलं. सरळ. वाळीत टाकलेल्या बाईने पुढाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं, तिने बघितलं.

"दाजी," ती म्हणाली, "मिक्सरमध्ये काय होतं?"

तुमचा हात भाकरीसारख्या त्या पावावर थांबला.

"दाजी, मी शेवग्याखाली होते. माझी आई आत मला हाका मारत होती. मिक्सरमध्ये काय होतं?"

तुम्ही निनादला म्हणालात, "यांना सांगा, आमच्याशी बोलू नका."

निनादचं तोंड उघडं राहिलं. "काका, मी... हे नक्की काय..."

"सांगा की," मावशी म्हणाली.

तुम्ही तिच्याकडे वळलात. सगळ्यांनाच वाटलं ती निनादला म्हणाली. ती तुम्हाला म्हणाली होती. तिने काटा ताटात आडवा ठेवला होता आणि ती तुमच्याकडे बघत होती.

"सांगा की, काय होतं त्यात. विचारतायत ना. मी पण विचारते. मला म्हाईत हाय, तरी विचारते. तुमच्या तोंडानं सांगा."

"उठ," तुम्ही म्हणालात.

"माझं जेवण व्हायचंय."

तुम्ही खुर्ची मागे ढकललीत. खुर्च्या पक्क्या नव्हत्या, ती आडवी पडली. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तुम्ही एकटेच लिफ्टकडे गेलात. मावशी जागची हलली नाही. तिने भात संपवला, मासा संपवला, काटे ताटाच्या कडेला नीट लावले. आईशी ती एक शब्द बोलली नाही. तिने शपथ मोडली नाही. तुम्ही तिला घातलेली शपथ तिने मरेपर्यंत पाळली, हे मी तुम्हाला लिहून देते.

गावी परतल्यावर तिचं काय केलंत ते मी इथे सांगत नाही, ते तुम्हाला आणि तिच्या पाठीला माहीत. पण तेव्हापासून दर आठवड्याला ती परसात उभी राहून मोठ्याने आपल्या मेलेल्या आईशी बोलायची, आणि माझी आई पलीकडच्या गल्लीत उभी राहून आपल्या मेलेल्या आईला उत्तरं द्यायची. कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणाचे गुडघे दुखतात, या वर्षी आमसुलं किती झाली. गावाला वाटलं दोघी म्हाताऱ्यांना वेड लागलं. तुम्हाला काय ते माहीत होतं, पण तुमच्या नियमात मेलेल्यांवर बंदी नव्हती.

मधल्या काळात वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आला. तुम्हाला कुठली पाटी काढावी लागली नाही, कारण पाटी कधी लावलीच नव्हती. आता मावशी गेली. तिच्या मयताला माझी आई आत गेली, कोणी अडवलं नाही, कारण फोटो काढायला पेपरवाले आले होते. तुम्ही आईला नमस्कार केलात. ताई म्हणालात.

आई आत्ता माझ्याकडे, बाहेरच्या खोलीत बसली आहे. तिला मी तो व्हिडिओ दाखवलेला नाही. ती ऐंशीला आली आहे, तिला तुमच्याकडून माफी नको, दंड नको, मानपान नको. आजीने हाका मारल्या त्या दिवशी तुमच्या घरात जी माणसं होती, त्यातले आता तुम्ही एकटे जिवंत आहात. दुसरं कोणी सांगू शकत नाही.

गावात कोणाला वाळीत टाकलं नव्हतं म्हणता ना? मग सख्खी लेक शेवग्याखाली का उभी होती? माइक तुमच्या हातात असतोच. पुढच्या वेळी टाळ्या थांबल्या की गावाला सांगा. मिक्सरमध्ये काय होतं?